कोंबडी 180, खेकडा 220

(दहावी 2000च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मेळाव्याच्या समितीचा मला फोन आला. म्हणाले, "तू उद्योजिका आहेस, यशस्वी कसं व्हायचं यावर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, उद्योजिका वगैरे मोठा शब्द झाला. आम्ही वावर आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या 11 बायका कापडाची खेळणी शिवतो. कोंबडी, ससा, बैल, खेकडा, चिमणी. यशाबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण एका कोंबडीची किंमत कशी ठरवायची, हे शिकायला मला तीन वर्षं लागली. त्यावर बोलू का? ते म्हणाले, बोल. म्हणून उभी आहे. दहा मिनिटांत संपणार नाही, एवढं आधीच सांगते.

गणिताचे सर समोर बसलेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करते. सर, सातवीत तुम्ही नफा-तोटा शिकवलात. एका दुकानदाराने 10 वह्या इतक्याला घेतल्या, इतक्याला विकल्या, तर नफा किती? खरेदी किंमत, विक्री किंमत, वजाबाकी केली की झालं. मला त्यात कायम पैकीच्या पैकी. पण त्या गणितातला दुकानदार वह्या विकत घेतो, स्वतः बनवत नाही. त्याचे हात त्या गणितात कुठेच नाहीत. मी ते गणित पाठ करून बाहेर पडले आणि वीस-बावीस वर्षांनी त्याच गणिताने मला बुडवलं. यात सरांची चूक नाही. वह्या शिवणाऱ्या बाईचं गणित पुस्तकात नव्हतंच, एवढंच म्हणते.

शिवण मात्र इथेच शिकले. कार्यानुभवाचा तास आठवतो ना? बाई गावातल्या शिंप्याकडून कात्रणाची पिशवी आणायच्या आणि चिंध्यांचा चेंडू करायला लावायच्या. मुलं दोन मिनिटांत गाठोडं वळून मैदानात पळायची. मी आणि अजून एक मैत्रीण मात्र टाके घालत बसायचो. ती मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं नाव घेणार नाही, पण तिची गोष्ट सांगायची परवानगी तिने दिली आहे. तिच्याशिवाय हे भाषण पुढे जात नाही.

डिसेंबर 2022. आमचा बचत गट नवा होता. ठाण्याच्या एका एक दिवसाच्या प्रदर्शनात आम्हाला फुकट टेबल मिळालं. मी आणि ती, दोघी पहाटे निघालो. 41 खेळणी दोन गोणपाटांत भरली होती. किंमत काय ठेवायची? आम्ही एसटीत बसून ठरवलं. ती म्हणाली, कोंबडीला 50 रुपयांचा माल लागतो, 80 ला देऊ. मी म्हटलं, खेकडा लहान आहे, त्याला 70. झालं. एवढाच विचार.

संध्याकाळी सहापर्यंत 40 खेळणी गेली. 25 कोंबड्या आणि 15 खेकडे. शेजारच्या टेबलांवरच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. आम्हाला वाटलं, जिंकलो. रात्री परतीच्या गाडीत तिने पैसे मोजले. 3050 रुपये. दोघी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. माल गेला होता 1850 रुपयांचा. म्हणजे कापड, भरायचा फायबरचा कापूस, दोरा. उरले 1200. गाडीभाडं, लोकल, चहा-वडापाव यात 840 गेले. उरले 360. वाटलं, ठीक आहे, 360 तर 360. मग सहज मनात आलं, की शिवायला किती वेळ लागला? कोंबडीला दीड तास, खेकड्याला तीन तास. 25 कोंबड्यांचे साडेसदतीस तास आणि 15 खेकड्यांचे 45 तास. शिवाय आम्ही दोघी पहाटेपासून रात्रीपर्यंत पंधरा-पंधरा तास बाहेर. सगळे मिळून साडेएकशे बारा तास. 360 रुपयांना साडेएकशे बाराने भागलं. ताशी 3 रुपये 20 पैसे आले. आठ तासांचे 25 रुपये 60 पैसे.

त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज 256 रुपये होता. आम्हाला मिळाला त्याचा बरोबर दहावा हिस्सा. दगड फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या बाईचा दहावा हिस्सा. आणि आम्ही गाडीत हसत होतो.

मी ती वही मैत्रिणीला दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, मला एवढंच सांग, हा रोज आहे का खेळ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जानेवारीत तिने आणि तिच्या नवऱ्याने वीटभट्टीची उचल घेतली आणि पोरांना घेऊन ते भिवंडीकडे गेले. दोन्ही पोरांची शाळा चार महिने बुडाली. आपल्या भागात हे नवीन नाही. नागली-वरई घरात आली, दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. आपल्या वर्गातल्याही कितीतरी जणांची बाकं जानेवारीत रिकामी असायची. पण या वेळी मला वाटलं, यातला एक वाटा माझा आहे. मी किंमत चुकवली म्हणून ती गेली.

आता त्या 41व्या कोंबडीबद्दल सांगते. संध्याकाळी एक सज्जन गृहस्थ टेबलापाशी आले. विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, जव्हार तालुका, वावर. त्यांचा चेहरा बदलला. "वावर-वांगणी? ते कुपोषणाचं?" मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून 500 ची नोट काढून माझ्या हातात ठेवली. मी कोंबडी पिशवीत घालून देऊ लागले. ते म्हणाले, "राहू दे, राहू दे. कोंबडी दुसऱ्या कुणाला विका." आणि गेले. नोट माझ्या हातात आणि कोंबडी टेबलावर.

तुम्हाला 1992-93 आठवत असेल. आपण दुसरी-तिसरीत होतो. वावर-वांगणीतले बालमृत्यू वर्तमानपत्रांत आले आणि आपल्या गावाचं नाव राज्यभर झालं. गाड्या यायच्या, माणसं फोटो काढायची. लहानपणी वाटायचं, आपलं गाव प्रसिद्ध आहे. घरात तेव्हा काय चाललं होतं, ते मोठं झाल्यावर कळलं. ज्यांच्या घरातलं मूल गेलं, ते घर आजही तिथंच आहे. त्याबद्दल कुणाच्या मनात करुणा आली, तर मी तिला नावं ठेवणार नाही. ते गृहस्थ चांगलेच होते. पण ते 500 रुपये आमच्या कामाचे नव्हते. आमचं काम तर त्यांनी टेबलावरच सोडलं. दयेने दिलेले पैसे एकदाच येतात. कोंबडी आवडलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी भाचीसाठी दुसरी घ्यायला येतं. त्या 500 रुपयांची मी एक चांगली कात्री घेतली. आणि ती कोंबडी विकली नाही. आजही ती आमच्याकडे आहे, 80 रुपयांच्या चिठ्ठीसकट. आज इथे घेऊन आले आहे.

मग आम्ही किंमत कशी बसवायला लागलो, ते सांगते. ज्यांची मुलं-बाळं लोणची-पापड, वारली चित्रं, बांबूच्या टोपल्या करून विकतात, त्यांना याचा उपयोग होईल. आकडे यंदाचे आहेत, सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत.

पहिलं म्हणजे माल. कोंबडीला 55 रुपये, खेकड्याला 45. यात कात्रण फुकट मिळालं तरी त्याची किंमत धरायची. आज शिंपी फुकट देतो, उद्या नाही दिलं तर कोंबडीची किंमत वाढवणार का? जे फुकट मिळतं त्यावर किंमत उभी करायची नाही.

दुसरं, हातांचे पैसे. याला काहीतरी आधार हवा होता. मी रोजगार हमीचा दर धरला. 2025-26 मध्ये तो 312 रुपये होता. आठ तासांनी भागला की ताशी 39. आम्ही 40 धरले. कुणी म्हणेल, शिवण हे तर कसबाचं काम, जास्त धरा. धरायला हवंच. पण हा आमचा तळ आहे. याच्या खाली गेलो, तर बाईने शिवण्यापेक्षा बांधावर जावं, हे सरळ आहे. वेळ अंदाजाने धरायचा नाही. आम्ही घड्याळ लावून दहा-दहा नग शिवले. प्रत्येकीला वाटत होतं की कोंबडी तासात होते. घड्याळात दीड तास निघाला. कारण कापणं, उलटवणं, भरणं, तोंड शिवणं, डोळे काढणं, हे कुणी मोजतच नव्हतं. मशीनवर बसलो तेवढंच काम, असं आम्हाला वाटायचं.

मग दहा कोंबड्यांचं कापड एकदम कापायचं, दहाही एकदम मशीनवर घ्यायच्या, दहाही एकदम भरायच्या, असं सुरू केलं. दीड तासाचा सव्वा तास झाला. खेकडा तीनावरून अडीच तासांवर आला. म्हणजे कोंबडीचे हात 50 रुपये, खेकड्याचे हात 100 रुपये.

तिसरं, जे दिसत नाही ते. सुया मोडतात, मशीनला तेल लागतं, पट्टा तुटतो, वीज लागते, चिठ्ठी आणि पिशवी लागते, एखादा नग बिघडतो. नगामागे 10 रुपये. झाले कोंबडीचे 115 आणि खेकड्याचे 155. हे फक्त घरात तयार होईपर्यंतचे.

चौथं, बाजार. शहरात तीन दिवसांचं प्रदर्शन म्हणजे टेबलाचं भाडं 1500, प्रवास आणि राहणं 2100, जेवणखाण 900. शिवाय दोन बायकांचे चार-चार दिवस जातात, त्यांचा रोज 2560. सगळे 7060. 150 खेळणी जातील असं धरलं तर एकामागे 47 रुपये. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून हा आकडा थोडा हलका झाला, नाहीतर आणखी जास्त होता.

115 आणि 47 झाले 162. त्यावर साधारण दहावा हिस्सा गटासाठी ठेवायचा. नवीन कापड घ्यायला, मशीन दुरुस्तीला, पावसाळ्यात विक्री नसते तेव्हासाठी. कोंबडी 180. खेकड्याचे 155 आणि 47, म्हणजे 202, वर दहावा हिस्सा, म्हणून 220. हेच माझ्या भाषणाचं नाव.

गोम खेकड्यात आहे. दिसायला तो कोंबडीपेक्षा लहान. माल कमी लागतो. म्हणून आम्ही त्याला 70 लावले होते. पण खेकड्याला आठ पाय आणि दोन नांग्या. दहा नळ्या शिवायच्या, दहा उलटवायच्या, दहा भरायच्या, दहा अंगाला जोडायच्या. आम्ही आकार बघून किंमत लावली होती, तास बघून नाही. प्रत्येक खेकड्यामागे आम्ही गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून पैसे देत होतो, आणि खेकडे जास्त खपतात म्हणून खूशही होत होतो!

आता लोक विचारणारच, एवढ्याशा खेकड्याला 220? पूर्वी मला राग यायचा, मग मी गप्प बसायचे, मग कमी करायचे. आता मी टेबलावर एक शिवलेली, न उलटवलेली नळी आणि एक काडी ठेवते. विचारणाऱ्याच्या हातात देते. म्हणते, "हा एक पाय जरा उलटवून बघा ना." करंगळीएवढी नळी असते. काडी सरकते, कापड अडकतं, शिवण उसवते. एका ताईंनी पाच मिनिटं प्रयत्न केला, मग हसून परत दिली. म्हणाल्या, "बाई गं, असे दहा?" त्यांनी खेकडा घेतला नाही, चिमणी घेतली. पण शेजारी एक आजोबा हे सगळं बघत होते, त्यांनी दोन खेकडे घेतले. भाव कमी करायला मागितला म्हणून गिऱ्हाईक वाईट नसतं. त्याला पाय दिसत नाहीत, ते आपण दाखवायचे.

सगळ्यांना 180 परवडत नाहीत, हेही खरं. टेबलापाशी एखादं मूल मुठीत पन्नासाची नोट घेऊन येतं. त्याला परत पाठवायला जिवावर येतं. म्हणून चिमणी. तिला माल 12 चा, वीस मिनिटं म्हणजे 13 रुपये, वरखर्च 5. एकूण 30. विकतो 60 ला. पन्नासवाल्याला दहा कमी पडले तर? मी इथे सांगणार नाही, गटातल्या बायका रागावतील.

आणि जव्हारच्या बाजारात कोंबडी 130 ला. शहरातली बाई म्हणेल, आम्हाला 180 का? आम्ही पाटीवरच लिहितो, की इथे गाडीभाडं आणि मुक्काम नाही, म्हणून 130. यात लपवायचं काही नाही. तिथे शेजारीच 50 रुपयांची प्लास्टिकची खेळणी असतात. त्यांच्याशी भावात भांडायला जाऊ नका. 2020 साली परदेशी खेळण्यांवरची जकात 20 टक्क्यांवरून 60 केली, 2023 मध्ये 70 केली, तरी यंत्रावर बनलेलं खेळणं हातच्या खेळण्यापेक्षा स्वस्तच राहणार.

दुकानात माल ठेवण्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. शहरातलं दुकान शंभरातले 40 स्वतःकडे ठेवतं. भाडं, नोकर, वीज, त्यालाही खर्च असतो, त्यात लबाडी नाही. पण 180 ची कोंबडी तिथे विकली तर आमच्या हातात 108. आणि ती घरात तयार व्हायलाच 115 लागतात. म्हणजे जितकी विक्री जास्त, तितका तोटा जास्त. म्हणून कोंबडी-खेकडा आम्ही दुकानाला देत नाही. पडद्याला, पिशवीला अडकवायची चिमणी देतो. 60 मधले 36 येतात, 6 उरतात. थोडे आहेत, पण उरतात.

2023 च्या दिवाळीआधी एक व्यापारी आला. म्हणाला, 500 खेकडे द्या, नगाला 90 रुपये, रोख. 45 हजार! गटात दोन तट पडले. अर्ध्या जणी म्हणाल्या, घेऊ, काम तर मिळेल, पोरांना कपडे होतील. माझीही छाती झाली नाही नाही म्हणायची. तेव्हा माझी ही मैत्रीण उठली. ती वैशाखात भट्टीवरून परत आली होती आणि पावसाळ्यात पुन्हा शिवायला लागली होती. तिने वही मागितली आणि सगळ्यांसमोर मांडलं. 90 मधून माल 45 गेला, वरखर्च 10 गेला. राहिले 35. त्यात अडीच तास. ताशी 14. दिवसाचे 112. तेव्हा रोजगार हमीचा रोज होता 273. ती म्हणाली, "भट्टीवर उचल तरी आधी मिळते. हे तर विटांपेक्षा वाईट." आणि खाली बसली. आम्ही नाही म्हटलं.

त्यानंतर दीड महिना एकही मोठं काम आलं नाही, हेही सांगते. त्या दीड महिन्यात मी रात्री जागून काढल्या. नाही म्हणण्याचीही किंमत असते आणि ती चिठ्ठीवर लिहिता येत नाही. पण त्या वेळी हो म्हटलं असतं, तर पुढच्या वर्षी तोच 80 ला मागायला आला असता. आणि आम्ही 500 खेकड्यांत इतक्या अडकलो असतो, की नीट भावाने विकायला हातच उरले नसते.

आता चुकाही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की वही लिहिली की झालं. यंदा मे महिन्यात आम्ही एका तीन दिवसांच्या प्रदर्शनाला गेलो. किंमत बरोबर होती. 31च खेळणी गेली. जो 7060 खर्च 150 वर वाटायचा, तो 31 वर पडला. एकामागे 47 ऐवजी 228. सरळ तोटा. घरी येऊन बायका म्हणाल्या, किंमत जास्त झाली, कमी करू. मी म्हटलं, थांबा. 130 लावले असते आणि दुप्पट गेली असती, तरी भाडंसुद्धा निघालं नसतं. चूक भावात नव्हती, बाजार निवडण्यात होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळणी घेणारी घरं गावाला गेलेली असतात. आता आम्ही दिवाळी ते जानेवारीचेच बाजार धरतो. मुंबईत उमेदचं महालक्ष्मी सरस भरतं, तिथे मी आधी नुसती फिरून आले. काय भावाने काय जातं, लोक कुठे थांबतात, ते बघितलं. बाजाराला जाण्याआधी एकदा गिऱ्हाईक होऊन जावं.

कायद्याचंही एक आहे, ते आम्हाला फार उशिरा कळलं. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून कारागीर ओळखपत्र काढून घ्या. सूट मिळाली म्हणून निष्काळजी व्हायचं नाही. आम्ही बटणाचे डोळे बंद केले. बाळ बटण ओढतं, तोंडात घालतं, घशात अडकतं. आता डोळे दोऱ्याने भरतो. त्याला आठ मिनिटं जास्त लागतात. ती मिनिटंही सव्वा तासात धरली आहेत. जीएसटीचं कुणी विचारेल, तर राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या आमच्यासारख्यांना वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. 40 लाख झाले की तुम्हाला पेढे आणते.

अजून एक. काही बायका भरभर शिवतात, काही हळू. किंमत ताशी बसवली, पण पैसे नगावर देतो, नाहीतर भांडणं होतात. जी मशीनवर हळू आहे, तिचा हात भरण्यात किंवा डोळे काढण्यात चांगला असतो. तिला ते काम देतो. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आजी फक्त पाय उलटवतात. त्यांच्याइतक्या वेगाने कुणालाच जमत नाही.

मला कधी कधी वाटतं, आपल्या माणसांना किंमत लावायची सवयच नव्हती. वारली चित्रं बघा. लग्नाच्या घरात सवाष्णी बायका भिंतीवर चौक काढायच्या. त्याला कुणी भाव लावला नव्हता, लावायचा नव्हताच. 1970 नंतर ती चित्रं कागदावर आली, विकायला लागली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, आपल्या सगळ्यांची मान उंचावली. पण भिंतीवर काढणाऱ्या त्या बायका बाजारात फार थोड्या दिसल्या. जे काम आपण प्रेमाने करतो, त्याला भाव लावताना बाईची जीभ अडखळते. घरात फुकट, शेजारी फुकट, मग बाजारात 80. आमच्या गटातल्या बायकांना शिवण शिकवायला दोन महिने लागले. "एकशे ऐंशी" हे डोळे वर करून म्हणायला एक वर्ष लागलं.

सगळं छान झालंय, असं नाही. 11 जणींपैकी चौघी अजूनही दिवाळीनंतर भट्टीवर जातात. शिवण्याने वर्षाचं घर चालत नाही. पण माझी ही मैत्रीण गेल्या दोन हिवाळ्यांत गेली नाही. तिची पोरं जानेवारीत वर्गात बसतात. तिने मला विचारलं होतं, हा रोज आहे का खेळ. आज मी उत्तर देऊ शकते. वही लिहिली, तर रोज. नाही लिहिली, तर खेळ.

शेवटी वर्गमित्रांना एक विनंती, आणि मग बसते. बाहेर व्हरांड्यात आमचं टेबल आहे. सकाळपासून मला सहा जण म्हणालेत, "आपल्याला काय भाव? वर्गातला भाव सांग." अरे, वर्गातल्यांनी तर पूर्ण भाव द्यायला हवा. परक्याला आपले तास माहीत नसतात, तुम्हाला माहीत आहेत. तुमच्यासाठी भाव जव्हारचाच, 130. त्यात सूट नाही. आणि कृपा करून कुणी 500 ची नोट देऊन "कोंबडी राहू दे" म्हणू नका. पैसे द्या आणि कोंबडी घेऊन जा. घरी न्या. पोरांना खेळू द्या. फाटली तर घेऊन या, शिवून देईन. त्याचे पैसे घेणार नाही, ते किमतीत धरले आहेत.

कार्यानुभवाच्या बाई, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. ही 41वी कोंबडी तुमच्यासाठी आणली आहे. ही विकायची नाही. चिंध्यांच्या चेंडूची फेड समजा. आणि गणिताच्या सरांना ही वही. सर, एकदा तपासून द्या. चुकलं असेल तर लाल शाईने खूण करा, पण हातांची ओळ खोडू नका.